इराणमधील सण व सार्वजनिक सुट्या

इराणमधील सार्वजनिक सुट्या दोन कालगणनांनुसार ठरतात. राष्ट्रीय दिन सौर हिजरी वर्षाप्रमाणे, तर धार्मिक दिन चांद्र हिजरी वर्षाप्रमाणे पाळले जातात. दोन्हींची वर्षगणना प्रेषित मुहंमदांच्या मदीनेस झालेल्या स्थलांतरापासून (६२२) होते. सौर वर्षाचा आरंभ वसंतसंपाताला होतो. संसदेने १९२५ मध्ये त्यास अधिकृत मान्यता दिली. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने धार्मिक दिन सर्व ऋतूंतून फिरतात. साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते.

सौर वर्षातील प्रमुख सण नवरोज (१ ते ४ फरवर्दीन) इस्लामपूर्व परंपरेतील आहे. तेराव्या दिवशी लोक सहकुटुंब घराबाहेर, निसर्गाच्या सान्निध्यात जातात. तेल-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण (१९५१) व इस्लामी क्रांती (१९७९) यांचे स्मृतिदिनही याच गणनेने येतात. धार्मिक दिनांवर शिया पंथाची छाप आहे. दोन्ही ईदांखेरीज ९ व १० मुहर्रमला करबला येथील इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा (६८०) आणि २१ रमजानला हजरत अलींच्या हौतात्म्याचा शोक पाळतात.

१९७६ मध्ये शाह मुहंमद रझा पहलवी यांनी सायरसच्या राज्यारोहणापासून मोजला जाणारा शहेनशाही शक सुरू केला. वाढत्या जनक्षोभामुळे १९७८ मध्ये तो रद्द करावा लागला. उलट, क्रांतीनंतर नवरोजचे महत्त्व कमी करण्याचे काही धर्मनेत्यांचे प्रयत्नही निष्फळ ठरले. २००२ मध्ये आशूरा (१० मुहर्रम) व २०२५ मध्ये २१ रमजान नवरोजच्या दिवसांतच आल्याने उत्सव आणि शोक यांची सांगड घालावी लागली. हिजरी शक राजसत्तेला पुसता आला नाही, तसा नवरोज धर्मसत्तेलाही पुसता आला नाही.