सॅम मिल्स: उशिरा उघडलेलं दार

आजचा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमधला: सॅम मिल्स ‘हॉल ऑफ फेम’च्या लायकीचा होता का?

लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. तिथे धिप्पाड माणसं लागतात. सॅमची उंची ५ फूट ९ इंच. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच निवडलं नाही, दोन संघांनी परत पाठवलं. मग तो शाळेत शिकवू लागला. १९८३ मध्ये यूएसएफएल ही नवी लीग सुरू झाली. तिथे त्याच्या संघाने दोन विजेतेपदं जिंकली. पुढे १९८६ पासून एनएफएलमध्ये १२ हंगाम, पाच वेळा प्रो बोल.

एनएफएलचं विजेतेपद नाही, हा आक्षेप मला पटत नाही. विजेतेपद संघाचं असतं, आणि सॅम ३७व्या वर्षी, १९९६ मध्ये, ऑल-प्रो ठरला होता. २००३ मध्ये कॅन्सर झाल्यावरही तो कॅरोलायना पँथर्सच्या खेळाडूंना शिकवत राहिला.

२००५ मध्ये तो गेला. हॉलमध्ये निवड झाली २०२२ मध्ये, पात्रतेच्या विसाव्या आणि शेवटच्या वर्षी. तो सन्मान घ्यायला त्याची पत्नी उभी होती. म्हणून मी म्हणतो, लायकी कधीच सिद्ध झाली होती. कमी पडली ती आपली मोजपट्टी.