युरोपची वेस

ऑस्करच्या रात्री कोणती नटी कुठला झगा घालून आली, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी रंगीत छापून येतं. युरोपियन फिल्म अवॉर्ड्स नावाचाही एक सोहळा दरवर्षी होतो, पण तो कधी आला आणि कधी गेला याचा पत्ता लागत नाही. युरोपात तरी सर्वांना ठाऊक असतो की नाही, शंकाच आहे. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या सोहळ्याची जंत्री वाचताना वेगळीच मजा येते. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या देशाच्या चित्रपटाला बक्षीस मिळालं, एवढ्या तीन गोष्टी ओळीने लिहीत गेलं, तर गेल्या पस्तीस-सदतीस वर्षांचा युरोप डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि त्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. युरोपची वेस नेमकी कुठे आहे? वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, आणि हे ठरवायचं कोणी?

सुरुवात झाली नोव्हेंबर 1988 मध्ये, पश्चिम बर्लिनमध्ये. त्या वर्षी पश्चिम बर्लिनला ‘युरोपची सांस्कृतिक नगरी’ हा मान मिळाला होता. शहराच्या भोवती भिंत होती. एका वर्षाने ती पडेल, असं त्या दिवशी सभागृहात बसलेल्या कोणाला सांगितलं असतं, तर त्याने वेड्यात काढलं असतं. इंगमार बर्गमन आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी यांचा जीवनगौरव झाला. चाळीसेक चित्रपटकर्त्यांनी मिळून युरोपच्या सिनेमासाठी एक मंडळ काढायचं ठरवलं, त्याचे पहिले अध्यक्ष बर्गमन झाले, आणि पुढे त्याचीच युरोपियन फिल्म अकादमी झाली. हॉलिवुडच्या लाटेपुढे आपली छोटी छोटी घरं वाहून जातील, ही धास्ती सगळ्यांच्याच मनात होती. पारितोषिकाचं नाव ठेवलं ‘फेलिक्स’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान.

आणि पहिला फेलिक्स कोणाला मिळाला? पोलंडच्या क्रिस्तॉफ किस्लोव्हस्कीच्या ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’ला! म्हणजे भिंतीपलीकडच्या, साम्यवादी गटातल्या देशाच्या चित्रपटाला. सोहळा भिंतीच्या अलीकडे, बक्षीस पलीकडे. युरोप एकच आहे असं राजकारण्यांनी म्हणायच्या आधी सिनेमावाल्यांनी म्हणून टाकलं होतं.

हा चित्रपट आपल्याकडे फिल्म सोसायट्यांमुळे थोडाफार माहीत आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जेमतेम दीड तासाची गोष्ट. यात्सेक नावाचा खेड्यातून आलेला तरुण वॉर्सा शहरात भटकतो आहे. काही कारण नसताना तो एका टॅक्सीवाल्याचा खून करतो. तो खून आपल्या हिंदी सिनेमातल्यासारखा झटक्यात होत नाही. तो संपता संपत नाही. दोर, मग दगड, आणि तो माणूस मरतच नाही. पाहणाऱ्याला यात्सेकची किळस येते. मग खटला दाखवतच नाहीत. एकदम शिक्षा होते, आणि चित्रपटाच्या शेवटी त्याच बारकाव्याने फाशीची तयारी दाखवली आहे. पडदा नीट सरकतो का, कप्पी फिरते का, खाली ठेवायचं तसराळं जागेवर आहे का, हे सगळं सरकारी नोकर तपासून पाहतात. आता किळस कोणाची करायची? छायाचित्रकार स्लावोमिर इजाक यांनी भिंगापुढे हिरवट काचा लावून सगळं शहर डबक्यातल्या पाण्यासारखं करून टाकलं आहे. पटकथेत किस्लोव्हस्कीबरोबर क्रिस्तॉफ पिएसेविच होते. ते पेशाने वकील, त्यामुळे न्यायालयाचं आणि तुरुंगाचं आतलं अंग त्यांना ठाऊक.

पोलंडमध्ये एप्रिल 1988 नंतर कोणाला फाशी दिली गेली नाही, आणि 1997 च्या नव्या दंडसंहितेत ती शिक्षाच उरली नाही. याचं सगळं श्रेय एका चित्रपटाला देणं भाबडेपणाचं होईल. राजवटच बदलत होती. पण ज्या देशात हा विषय चर्चेला आला होता, त्या देशाला आरसा दाखवायचं काम त्याने केलं, एवढं नक्की. पहिल्याच वर्षी अशा चित्रपटाची निवड झाली, आणि माझ्या मते त्यामुळेच या पारितोषिकाला एक वळण लागलं. आपल्याच घरातली लाज जो उघड्यावर आणतो, त्याचा मान करायचा, हे ते वळण. ते दर वर्षी पाळलं गेलं असं नाही, पण विसरलंही गेलं नाही.

दुसरा सोहळा 1989 साली पॅरिसमध्ये झाला, भिंत पडली त्याच नोव्हेंबर महिन्यात. बक्षीस मिळालं ग्रीसच्या थिओ अँजेलोपुलोसच्या ‘लँडस्केप इन द मिस्ट’ला. दोन लहान भावंडं जर्मनीत असलेल्या (म्हणजे आईने असल्याचं सांगितलेल्या) बापाला शोधायला निघतात. ग्रीसची सीमा ओलांडली की जर्मनी, अशी त्यांची समजूत. नकाशा काढून पाहिलात तर कळेल की या दोन देशांची सीमा कुठेच भिडत नाही, मध्ये आणखी देश आहेत. पण पोरांना कोण सांगणार! ती अंधारात नदी ओलांडतात, आणि धुक्यात एक झाड दिसतं.

नव्वदीच्या दशकात फेलिक्स काही सुखात नव्हता. पैशाची ओढाताण होती, सोहळ्याला लोक ओळखत नव्हते. 1993 साली गॅट कराराच्या वाटाघाटी चालू होत्या (तोच तो गॅट, ज्यावरून आपल्याकडे डंकेल प्रस्तावाविरुद्ध मोर्चे निघाले होते). सिनेमा ही इतर मालासारखीच वस्तू मानावी, सरकारी मदत आणि राखीव वाटा बंद करावा, असा अमेरिकेचा आग्रह होता. फ्रान्सने तो हाणून पाडला, आणि त्या वर्षी डिसेंबरमध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांबाबत काहीही कबूल न करता करार झाला. त्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’चे डायनोसॉर युरोपच्या चित्रपटगृहांतून फिरत होते. डायनोसॉर हरले म्हणता येणार नाही, पण युरोपात आज जे छोटे चित्रपट निघतात ते त्या नकारामुळे तगले. 1996 मध्ये बर्गमन यांच्यानंतर विम वेंडर्स अध्यक्ष झाले, 1997 पासून फेलिक्स हे नाव गेलं आणि साधं ‘युरोपियन फिल्म अवॉर्ड्स’ आलं. एक वर्ष बर्लिन, एक वर्ष दुसरं कुठलं तरी शहर, असा शिरस्ता त्यानंतर बसला. वेंडर्स 2020 पर्यंत राहिले. एवढी वर्षं एकच अध्यक्ष, हे मला फारसं रुचलं नाही, पण संस्था त्यांनी टिकवली हेही खरं.

आता वेशीकडे येऊ. शाळेत युरोपचा नकाशा फळ्यावर टांगला की पूर्वेची सीमा उरल पर्वत, दक्षिणेची कॉकेशस, असं सांगायचो. मागच्या बाकावरून एखादं कार्टं हमखास विचारायचं, “मग गुरुजी, रशिया युरोपात की आशियात?” दोन्हीकडे, असं म्हणून मी पुढच्या धड्याकडे वळायचो. या अकादमीला तसं वळता येत नाही. तिला दर वर्षी यादी करावी लागते.

1993 चा फेलिक्स मिळाला रशियाच्या निकिता मिखाल्कोव यांच्या ‘उर्गा’ला. चित्रपट घडतो चीनमधल्या मंगोल कुरणांत! एक मेंढपाळ, त्याची बायको आणि वाट चुकलेला रशियन ट्रक ड्रायव्हर. 2005 मध्ये ‘पॅराडाइज नाऊ’ या पॅलेस्टिनी गोष्टीला पटकथेचं बक्षीस मिळालं, 2008 मध्ये ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ या इस्रायली चित्रपटाला संगीताचं. दोघंही भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आशियातले. आणि 2009 साली प्रेक्षकांच्या मतांनी निवडलेला युरोपियन चित्रपट होता ‘स्लमडॉग मिलियनेअर’, शिवाय छायाचित्रणाचा मानही त्याचा (आणि दुसऱ्या एका चित्रपटाचा मिळून) अँथनी डॉड मँटल यांना. जुहूची झोपडपट्टी, व्हीटीचा फलाट, रहमानचं गाणं, आणि चित्रपट युरोपियन! पैसा आणि दिग्दर्शक ब्रिटनचे म्हणून. मला यात वावगं वाटत नाही. फक्त एवढंच, की पैशासाठी वेस इतकी सहज सरकते, माणसांसाठी सरकत नाही.

हेच ज्याने सर्वांत आधी सांगितलं तो चित्रपट मला या साऱ्या यादीत फार मोलाचा वाटतो. 1994 चा विजेता, इटलीच्या जान्नी अमेलिओचा ‘लामेरिका’. साम्यवादी राजवट नुकतीच कोसळलेल्या अल्बानियात दोन इटालियन ठग बोगस कारखाना काढायला येतात. नावापुरता अध्यक्ष म्हणून एक भ्रमिष्ट म्हातारा शोधतात. तो निघतो मुसोलिनीच्या काळात तिथे अडकलेला इटालियन सैनिक. होता होता त्यातल्या तरुण ठगाची गाडी जाते, कपडे जातात, शेवटी पासपोर्टही जातो. आणि इटलीकडे निघालेल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या जहाजावर तो अल्बानियन निर्वासितांत एक निर्वासित होऊन उभा राहतो. शेजारी तो म्हातारा, त्याला वाटतंय जहाज अमेरिकेला चाललं आहे. ऑगस्ट 1991 मध्ये अशी हजारो माणसं घेऊन एक जहाज खरंच इटलीच्या बारी बंदराला लागलं होतं. त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवलं गेलं. भूमध्य समुद्रातल्या होड्या पुढे रोजच्या बातम्या झाल्या. अमेलिओने ते वीस वर्षं आधी दाखवलं होतं.

बाकीचे विजेते भराभर सांगतो. 2006 मध्ये वॉर्सात जर्मनीचा ‘द लाइव्हज ऑफ अदर्स’, पूर्व जर्मनीतल्या गुप्त पोलिसांची गोष्ट. 2007 मध्ये रुमानियाचा ‘फोर मंथ्स, थ्री वीक्स अँड टू डेज’, चाउसेस्कूच्या गर्भपातबंदीत सापडलेल्या दोन मुली. 2014 मध्ये पुन्हा पोलंड, ‘इडा’. महायुद्धात पोलिश शेजाऱ्यांनी ज्यू कुटुंबाचं काय केलं, हे त्यात आहे. त्यावरून पोलंडमध्ये बरीच नाराजी झाली. घरची लाज बाहेर काढली की घरचे रागावणारच.

2021 चा विजेता बोस्नियाचा ‘को वादिस, आईदा?’. जुलै 1995, स्रेब्रेनिका. शाळामास्तरीण असलेली आईदा संयुक्त राष्ट्रांच्या डच सैनिकांच्या तळावर दुभाषी आहे. कुंपणाच्या आत काही हजार माणसं, बाहेर त्याहून कितीतरी जास्त. आपला नवरा आणि दोन मुलगे आत राहावेत म्हणून ती धावाधाव करते. आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलं त्या दिवसांत मारली गेली. दिग्दर्शिका यास्मिला झ्बानिच सारायेवोची. आईदाचं काम करणारी यास्ना जुरिचिच ही सर्बियाची अभिनेत्री, आणि त्या कामाबद्दल सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक तिलाच मिळालं. ज्यांच्या नावाने तो संहार झाला त्या समाजातली बाई बळी गेलेल्यांच्या आईच्या भूमिकेत उभी राहिली. मला या निवडीपेक्षा तिच्या धैर्याचं जास्त कौतुक वाटतं.

आणि अडीचच महिन्यांनी, फेब्रुवारी 2022 मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

अकादमीचा या वादाशी जुना संबंध होता. क्रिमियातून 2014 साली धरून नेलेल्या ओलेग सेंत्सोव या दिग्दर्शकाला रशियाने वीस वर्षांची सजा दिली होती, आणि 2019 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटेपर्यंत अकादमीने त्याचा प्रश्न धरून ठेवला होता. तरीही हल्ल्यानंतरचं तिचं पहिलं निवेदन गुळमुळीत निघालं. ते वाचून युक्रेनचा दिग्दर्शक सर्गेई लोझनित्सा याने रागाने राजीनामा दिला. लगेच 1 मार्चला अकादमीने जाहीर केलं की यंदा रशियन चित्रपट स्पर्धेत घेणार नाही. मग लोझनित्साच म्हणाला की हेही चूक आहे! माणूस त्याच्या कृत्यावरून जोखा, पासपोर्टावरून नको. रशियातलेच कितीक दिग्दर्शक युद्धाच्या विरोधात आहेत. यावर युक्रेनच्या चित्रपट अकादमीने त्यालाच काढून टाकलं. तो स्वतःला विश्वनागरिक म्हणवतो, हाही एक आक्षेप होता. स्टालिनच्या काळात याच शब्दाखाली लोकांना छळलं गेलं, हे इतिहासाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

मी दोन्ही बाजू पुष्कळ वाचल्या. घरावर बाँब पडत असताना युक्रेनियन माणसाला बारीक भेद करत बसायला सांगणं सोपं नाही, ते मी इथे खुर्चीत बसून सांगणारही नाही. सरकारी पैशाने प्रचार करणाऱ्यांना दार बंद, हे समजतं. मिखाल्कोव पुढे क्रिमिया गिळण्याचे समर्थक झाले, त्यांना वगळलं तर माझी झोप उडणार नाही. पण 2003 मध्ये ज्याला याच अकादमीने नवा दिग्दर्शक म्हणून उचलून धरलं, ज्याने पुढे रशियाचीच लाज ‘लेव्हियाथन’मध्ये मांडली, त्या आंद्रेई झ्व्यागिन्त्सेवलाही त्याच सरसकट नियमात बसवायचं? लोझनित्साचं म्हणणं मला पटतं. किस्लोव्हस्कीलाही 1988 मध्ये पासपोर्टावरून जोखलं असतं, तर तो भिंतीपलीकडचा ठरला असता.

त्या वर्षीचा सोहळा डिसेंबर 2022 मध्ये युरोपच्या दुसऱ्या टोकाला, आइसलंडच्या रेक्याविकमध्ये झाला. सहनिर्मितीचा मान युक्रेनच्या सगळ्या निर्मात्यांना मिळून देण्यात आला. सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरला ‘मारियुपोलिस 2’. त्याचा दिग्दर्शक मांतास क्वेदारावीचस हा लिथुआनियाचा. वेढा पडलेल्या मारियुपोल शहरात चित्रण करायला तो गेला होता आणि तिथेच मारला गेला. त्याच्याबरोबर असलेल्या त्याच्या वाग्दत्त वधूने चित्रण शहराबाहेर आणलं आणि सहकाऱ्यांना हाताशी धरून चित्रपट पुरा केला. त्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. एका प्रार्थनाघराच्या आसऱ्याला आलेली माणसं अंगण झाडतात, चुलीवर सूप शिजवतात, आणि दूरवर तोफांचा आवाज येत राहतो.