धरणारे आणि सोडणारे

दर्याचे उत्पन्न म्हणजे नशिबाचा खेळ, असे किनाऱ्यापासून दूर राहणारी माणसे सहज बोलून जातात. परंतु एकाच समुद्रात, एकाच हंगामात एक गलबत भरून येते व शेजारचे रिकामे परतते, हे निव्वळ नशिबाने घडत नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो बंदराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

आपण कोकणात ज्याला कुपा म्हणतो, त्याच कुळातला टूना. १९०३ मध्ये कॅलिफोर्नियात तो डब्यांत भरला जाऊ लागला आणि बघता बघता मोठा व्यापार उभा राहिला. जपानी, पोर्तुगीज, इटालियन कोळी तेथे येऊन वसले. जहाजावरील हौदांत लहान मासे जिवंत ठेवायचे, टूनाचा कळप दिसताच ते पाण्यात फेकायचे आणि तुटून पडलेला टूना बांबूच्या काठीने वर ओढायचा, अशी रीत होती. पाखरांच्या घिरट्यांवरून मासा ओळखणारा तांडेल मोलाचा खराच. पण हौदातले चिमुकले मासे जो जगवी, त्याचीच फेरी साधे. आमिष मेले की सारा खर्च बुडाला.

१९५० नंतर नायलॉनची जाळी व ती ओढणारी यांत्रिक कप्पी आली. १९६० च्या सुमारास बहुतेक जहाजांनी काठ्या टाकून पर्ससीन जाळी घेतली. पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या पराचा टूना डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. म्हणून तांडेल डॉल्फिन हेरून त्यांनाच वेढा घालीत. टूना भरपूर मिळे. पण श्वासासाठी वर यावे लागणारे डॉल्फिन जाळ्यात गुदमरून लाखोंनी मेले.

उपायही कोळ्यांनीच शोधला. जाळे बरेचसे ओढून झाल्यावर जहाज मागे घ्यायचे. त्या ताणाने जाळ्याची कड पाण्याखाली जाते व डॉल्फिन निसटतात. हॅरॉल्ड मेदिना या तांडेलाने तेथे बारीक विणीची पट्टी लावली, त्यामुळे त्यांची तोंडे अडकेनाशी झाली. सॅन डिएगोचे मोठे कारखाने पुढे बंद पडले, तरी हे तंत्र इतर देशांच्या जहाजांवर रुजले. १९९२ च्या ला होया कराराने तर जहाजागणिक डॉल्फिनमृत्यूंची मर्यादा ठरवली. १९८६ मध्ये पूर्व पॅसिफिकात १,३०,००० च्या आसपास डॉल्फिन मेले होते. १९९३ मध्ये तो आकडा ४,००० च्या आत आला.

समुद्र तोच, जाळीही तीच. मात्र ज्या तांडेलाला सोडणे साधले, त्यालाच पुढे धरण्याची मुभा राहिली.