हार्ड डिस्कचा आवाज का कमी झाला?

काही वर्षांपूर्वी आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी जुन्या कॅसेटींवरून संगणकावर उतरवून घेतल्या. संगणक झोपायच्या खोलीत होता, म्हणून मुद्दाम आवाज न करणारी हार्ड डिस्क आणली. ती चालू आहे की बंद, हे हात लावून पाहावे लागे. बुरशी लागलेल्या कॅसेटी मी टाकून दिल्या. एके सकाळी डिस्कमधून ‘टक्‌, टक्‌’ असा आवाज येऊ लागला आणि दुपारपर्यंत ती कायमची बंद पडली. शांत डिस्क म्हणजे भरवशाची डिस्क, असे मी गृहीत धरले होते. ते कितपत बरोबर होते? उत्तरासाठी या यंत्राच्या इतिहासात जावे लागते, आणि तो सुरू होतो एका शिक्षकापासून.

शिक्षकाने केलेली सुरुवात

रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम यंत्राकडून करून घेता येईल, असे त्यांना वाटले. पेन्सिलीतील ग्रॅफाइट विद्युतवाहक असते. तेव्हा पेन्सिलीची खूण कोठे आहे हे विद्युतप्रवाहाने ओळखता येते. या कल्पनेमुळे आयबीएम कंपनीने १९३४ साली त्यांना नोकरी दिली. १९५२ साली कंपनीने त्यांच्यावर कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा उभारण्याचे काम सोपवले.

तेथे त्यांच्यापुढे प्रश्न होता माहिती चटकन शोधण्याचा. कॅसेटवरचे सातवे गाणे ऐकायचे तर आधीची सहा पुढे सरकवावी लागतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई थेट सातव्या गाण्यावर ठेवता येते. चुंबकीय माहितीसाठी अशीच तबकडी हवी होती. १९५६ साली ‘रॅमॅक’ हा संगणक जाहीर झाला. त्याच्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत. वजन सुमारे एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या मोबाइलवरील एखाद्या छायाचित्राएवढी!

माहिती लिहिणारे-वाचणारे हेड चकतीला टेकू नये म्हणून त्यातून दाबाखालची हवा सोडत. त्यामुळे कॉम्प्रेसरही आलाच. शांततेचा विचार तेव्हा कोण करणार?

अंतर घटत गेले

रॅमॅकमध्ये हेड आणि चकती यांत सुमारे २० मायक्रोमीटर अंतर होते. हेड जितके जवळ, तितकी माहिती दाटीने लिहिता येते. म्हणून पुढचा सारा इतिहास हे अंतर कमी करण्याचा आहे. १९६० च्या दशकात फिरत्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवरच हेड तरंगू लागले आणि कॉम्प्रेसर गेला. १९७३ साली आयबीएमच्या ‘विंचेस्टर’ रचनेत चकत्या आणि हेड एकाच बंद पेटीत आले. अंतर आता अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास होते. धुराचा कणही त्यात अडकला असता. पेटी बंद केली ती धुळीसाठी. आवाज कोंडला गेला हा वरचा लाभ.

१९८८ साली अल्बर्ट फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ‘महाचुंबकरोध’ हा गुणधर्म शोधला. चुंबकीय क्षेत्रात धातूच्या अतिपातळ थरांचा विद्युतरोध खूप बदलतो, असा हा शोध. १९९७ पासून त्यावर आधारित हेड डिस्कमध्ये आले आणि २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेड संवेदनशील झाल्याने चकतीवरील वर्तुळाकार मार्गिका फार अरुंद करता आल्या. पण आता एक जुनाच भाग आड आला, तो म्हणजे बेअरिंग.

पोलादी गोळी कितीही घासली तरी अचूक गोल होत नाही. त्यामुळे अक्ष किंचित डगमगतो आणि घूं घूं आवाज येतो. मार्गिका अरुंद झाल्यावर हे डगमगणे परवडेना. म्हणून गोळ्यांऐवजी तेलाचा पातळ थर आला. अक्ष फिरू लागला की बारीक खाचांमुळे तेलात दाब निर्माण होतो आणि तोच अक्षाला मधोमध धरतो. धातू धातूला लागत नाही. २००१ च्या सुमारास अशा डिस्क घरगुती संगणकांत दिसू लागल्या. अचूकपणासाठी केलेल्या बदलातून शांतताही मिळाली.

२०१३ साली हेलियम भरलेल्या डिस्क बाजारात आल्या. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक सप्तमांश. त्यामुळे घर्षण आणि खळबळ दोन्ही घटली.

मग डिस्क निवडावी कशी?

घरातील गाणी, छायाचित्रे, चित्रफिती यांसाठी फार वेग लागत नाही. मिनिटाला ७२०० ऐवजी ५४०० फेरे घेणारी डिस्क शांत राहते आणि कमी तापते. ती लाकडी कपाटावर तशीच ठेवू नये. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे कपाट आवाज वाढवते. खाली रबर घालावे.

पण भरवशाचे काय? २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तरीही बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. शांतता म्हणजे यंत्र नीट फिरत असल्याची खूण. ते उद्याही फिरेल याची हमी नव्हे. माझ्या डिस्कची ‘टक्‌, टक्‌’ म्हणजे हेडला मार्गिका सापडत नव्हती आणि त्याचा दांडा पुनःपुन्हा मागे येऊन शोध घेत होता. आवाज बदलला की त्याच क्षणी प्रत काढावी, पण तेवढी सवड मिळेलच असे नाही.

म्हणून उत्तम डिस्क एक घेण्यापेक्षा साध्या दोन घ्याव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी. आग, चोरी, विजेचा झटका यांपासून एका घरातल्या दोन्ही प्रती वाचतीलच असे नाही. वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात.

बंद पडलेली डिस्क वर्गात जरूर उघडावी. आरशासारखी चकती आणि ध्वनिवर्धकातल्यासारखी दांडा हलवणारी वेटोळी मुलांना दाखवावी. मात्र आतली चुंबके बोटे चिमटतात आणि काही चकत्या काचेच्या असतात, सांभाळून.

आईच्या काही ओव्या वाचल्या. बहिणीने हौसेने अकरा ओव्यांची प्रत नेली होती. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.