शिसे, प्लॅटिनम आणि मोटारीचा धूर

मोटारीच्या धुरातील विषारी वायूंचे निवारण करणाऱ्या उत्प्रेरक परिवर्तकाचा इतिहास सांगताना सारे श्रेय बहुधा एकट्या उपकरणास दिले जाते. वस्तुतः हे उपकरण सिद्ध होऊनही जवळजवळ दोन दशके मोटारींत रूढ होऊ शकले नाही. आणि त्याचे प्रमुख कारण पेट्रोलमध्ये होते.

१९४३ पासून लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुरकट आवरण पसरू लागले. मोटारींतून निघणारी न जळालेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. याच सुमारास मूळचे फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी धूरनळीत बसविण्याजोगा परिवर्तक तयार केला. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले. तप्त वायू प्लॅटिनमसारख्या धातूच्या पृष्ठभागावरून गेले, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे ज्वलन पूर्ण होऊन कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ तयार होते, हे त्याचे तत्त्व.

परंतु इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून १९२३ पासून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल शिसे मिसळले जात असे. ज्वलनानंतर उरणाऱ्या शिशाचा थर प्लॅटिनमवर बसून उत्प्रेरक अल्पावधीतच निकामी होई. १९६२ मध्ये हूड्री निवर्तले, तेव्हाही ही अडचण तशीच होती.

ती दूर झाली ती कायद्यामुळे. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने नव्या मोटारींतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने ९० टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य ठरविले. त्याची मुदत पुढे लांबली, तरी १९७५ च्या बहुतेक अमेरिकी मोटारींत परिवर्तक आला. तत्पूर्वी, जुलै १९७४ पासून, शिसेविरहित पेट्रोल पंपांवर ठेवणे बंधनकारक झाले होते. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ही सक्ती परिवर्तकाच्या रक्षणार्थ होती. मानवी आरोग्यासाठी शिशाचे प्रमाण घटविणारे नियम वेगळे होते; त्यांना तेल-उद्योगाकडून न्यायालयात आव्हान मिळाले आणि ते १९७६ मध्ये तेथे ग्राह्य ठरले.

भारतातही हाच क्रम दिसतो. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक झाला, त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये ते देशभर लागू झाले. जगात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात थांबली.

तात्पर्य, परिवर्तकाने ज्या वायूंचे निवारण केले, त्यांइतकेच महत्त्व त्याने अप्रत्यक्षपणे हद्दपार केलेल्या शिशाला आहे. मुलांच्या मेंदूस घातक असलेले हे द्रव्य हवेतून हटले, त्यास यंत्राची निकडही कारणीभूत झाली.