मोबाईलची स्क्रीन काळी, तरी बोटं चालू! दृष्टिहीन लोक स्क्रीनवर ‘पडदा’ का टाकतात?

सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये मीरा रोडला चढलात की दहिसर येईपर्यंत शेजारच्यांच्या मोबाईलवर काय चाललंय हे आपोआप कळतं. कोणाची रील, कोणाचं ऑफिसचं चॅट, कोणाचा बँक बॅलन्स. आपल्या मोबाईलमध्ये कोणी डोकावतंय असं लक्षात आलं की आपण तो जरा तिरका करतो आणि विषय संपतो.

पण ज्याला दिसत नाही, त्याने काय करायचं? मागे कोण उभं आहे आणि तो काय वाचतोय, हे त्याला कळणार कसं? दृष्टिहीन माणसाच्या मोबाईलची स्क्रीन आजूबाजूच्या सगळ्यांना दिसते, फक्त त्याला सोडून. ब्राइटनेस फुल आहे की कमी, हेसुद्धा त्याला मुद्दाम तपासावं लागतं.

यावर एक साधा उपाय आहे: स्क्रीनच काळी करून टाकायची. याला ‘स्क्रीन कर्टन’ म्हणतात, म्हणजे स्क्रीनवरचा पडदा. कानात इअरफोन घालून पूर्ण काळ्या मोबाईलवर बोटं फिरवणारं कोणी तुम्हाला दिसलं असेल, तर तो मोबाईल बंद पडलेला नव्हता. “अहो, तुमचा फोन बंद आहे” असं सांगायला जाऊ नका.

स्क्रीन काळी, मग मोबाईल वाचतो काय?

दृष्टिहीन व्यक्ती मोबाईल आणि कॉम्प्युटर वापरतात ते स्क्रीन रीडरच्या मदतीने. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए. यातलं एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते उभं केलं आणि त्याची सुरुवात २००६ साली झाली.

अनेकांना वाटतं की स्क्रीन रीडर स्क्रीनवरचं चित्र ‘बघून’ वाचतो. तसं नसतं. ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव दिलेलं असतं, जसं ‘पैसे पाठवा’ किंवा ‘मागे जा’. ही माहिती ऑपरेटिंग सिस्टीममार्फत स्क्रीन रीडरकडे जाते आणि तो ती बोलून दाखवतो. (नावच दिलं नसेल तर तो नुसतं ‘बटण’ म्हणतो आणि वापरणाऱ्याने अंदाज बांधायचा. अशी ॲप्स आजही भरपूर आहेत.) या सगळ्यात काचेवरच्या उजेडाचा काही संबंध नसतो, म्हणून तो घालवला तरी काम चालू राहतं.

अपवाद एकच. फोटोतला किंवा स्कॅन केलेल्या कागदावरचा मजकूर ओळखायला खरोखरच चित्र लागतं. म्हणून पडदा चालू असताना एनव्हीडीए विंडोजच्या ओसीआरने स्क्रीनवरचा मजकूर ओळखत नाही, आधी पडदा बंद करायला सांगतं.

पडदा टाकायचा कसा?

आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप करायचं. झूम हे फीचरही चालू असेल तर चारदा. अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या मेन्यूमध्ये स्क्रीन लपवण्याचा पर्याय मिळतो. एनव्हीडीएच्या नव्या आवृत्त्यांमध्ये एनव्हीडीए की (बहुतेकदा इन्सर्ट), कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबायचं. एकदा दाबलं तर एनव्हीडीए पुन्हा सुरू होईपर्यंत पडदा राहतो, लागोपाठ दोनदा दाबलं तर तुम्ही काढेपर्यंत. जॉजमध्ये याच सोयीचं नाव ‘स्क्रीन शेड’ आहे. तिथे इन्सर्ट आणि स्पेसबार दाबून मग एफ ११.

विंडोजवर मॉनिटर बंद होत नाही, त्यावरचं चित्र फक्त काळं होतं. त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी भरपूर वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पडदा टाकलेला मोबाईल दुरुस्तीला दिला तर दुकानदाराला डिस्प्ले गेला असं वाटू शकतं. कोणाच्याही हातात देण्याआधी पडदा काढायची सवय चांगली.

डोळ्यांपासून लपलं, कानांचं काय?

खरी अडचण इथे आहे. स्क्रीन काळी केली तरी मोबाईल बोलतोच. आलेला ओटीपी स्पीकरवर वाचला गेला तर पडद्याचा काय उपयोग?

“मग इअरफोन लावा की” हे उत्तर डोळस माणसाला सोपं वाटतं. पण दृष्टिहीन प्रवाशाला ‘पुढील स्टेशन’ची घोषणा, उतरणाऱ्यांची हालचाल, प्लॅटफॉर्मवर समोरून येणाऱ्यांची चाहूल हे सगळं कानांनीच टिपायचं असतं. दोन्ही कान बंद करणं म्हणजे रस्त्यात डोळे मिटून चालणं. म्हणून काही जण एकाच कानात इअरफोन घालतात, काही जण बोन कंडक्शन हेडफोन वापरतात, ज्यात कान उघडे राहतात. सरावलेले लोक आवाजाचा वेग इतका वाढवतात की शेजारच्याला नुसती कुरकुर ऐकू येते. ओटीपीसारख्या गोष्टीसाठी मात्र त्या वेगावर भरवसा ठेवू नये.

पासवर्डचं गणित वेगळं. कॉम्प्युटरवर पासवर्डच्या चौकटीत टाइप करताना एनव्हीडीए अक्षराऐवजी ‘स्टार’ म्हणतं. मोबाईलवर बटणं काचेवर असतात, ती बोटाने शोधावी लागतात, आणि बोट ज्या अंकावर जाईल तो अंक बोलला जाऊ शकतो. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये पासवर्ड मोठ्याने वाचायचा की नाही हे ठरवता येतं, ते एकदा तपासून घ्यावं. ब्रेल येत असेल तर काम आणखी सोपं होतं. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर ब्रेल कीबोर्ड आहे, त्यात काचेवर ठिपक्यांप्रमाणे बोटं टेकवून लिहितात, बटण शोधत बसावं लागत नाही. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर न दाखवण्याचं सेटिंगही चालू ठेवलेलं बरं.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक गोष्ट नीट विचार करून केली आहे. नोट किती रुपयांची हे ओळखणारं ‘मनी’ ॲप तिने जानेवारी २०२० मध्ये आणलं. ते इंटरनेटशिवाय चालतं आणि बोलण्याऐवजी नुसत्या कंपनानेही नोट सांगू शकतं. खिशात किती पैसे आहेत हे शेजारच्याला ऐकू जात नाही.

सगळ्यात मोठी गळती: मदत

पडदा टाकला, इअरफोन लावला, तरी एका ठिकाणी सगळं उघडं पडायचं, ते म्हणजे ऑनलाइन केवायसी. चेहरा गोलात आणा, पापण्या मिचकवा, पॅन कार्ड चौकटीत धरा, वेळ संपायच्या आत ओटीपी टाका. हे न दिसता कसं करणार? मग शेजारी, भाचा किंवा दुकानदार यांच्या हातात मोबाईल जातो आणि त्यासोबत पॅन, आधार आणि खात्याचा नंबरही.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांची एक याचिका होती, तर दुसरी मुंबईतले दृष्टिहीन वकील अमर जैन यांची. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. पापण्या मिचकवणं हीच जिवंतपणाची एकमेव खूण धरू नका, हाही त्यातला मुद्दा होता.

मतदानाशी तुलना करून बघा. ईव्हीएमवर ब्रेलमध्ये आकडे असतात. तरीही दृष्टिहीन मतदाराला सोबती हवा असेल तर १९६१ च्या नियमांतला ४९-एन हा नियम लागू होतो. सोबती सज्ञान हवा आणि मत गुप्त ठेवण्याचं त्याने लिहून द्यायचं. केवायसीसाठी मोबाईल हातात घेणाऱ्याकडून असं कोणी काही लिहून घेत नाही.

तुमच्याकडे कोणी अशी मदत मागितली तर मोबाईल शक्यतो त्यांच्याच हातात राहू द्या, “थोडा डावीकडे, आता वर” असं सांगा. पिनची वेळ आली की मान फिरवा आणि फिरवली आहे हे बोलून सांगा, कारण ते त्यांना दिसणार नाही.

एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर देशभर चालतो. मीरा-भाईंदरसाठी २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, तक्रार तिथेही देता येते.