नगर जिल्ह्यातील तरुणांचे बळ आणि त्याचे वळण

ज्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे आणि जो पिढ्यान् पिढ्या अहमदनगर म्हणून ओळखला गेला, त्याची दोन टोके एकमेकांस अनोळखी वाटावीत इतकी भिन्न आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचे कडे, कळसूबाईचे शिखर आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस न उघडणारी झड. तेथून दक्षिणेस पारनेरच्या माळावर उतरावे, तो आभाळ कोरडे आणि जमीन मुरमाड. परंतु दोन्हीकडे एक मनुष्य सारखाच आढळतो. अंगात रग आहे, हाताला काम नाही आणि गावात कोणी विचारीत नाही, असा तरुण. ह्या तरुणाचे बळ मारामारीत, दरोड्यात किंवा गुत्त्यात जाऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न जिल्ह्यापुढे निदान पावणेदोनशे वर्षे उभा आहे, आणि त्याला वेळोवेळी निरनिराळी उत्तरे देण्यात आली आहेत.

राज्यकर्त्यांस सर्वांत आधी सुचते ते उत्तर म्हणजे दंड. अकोले तालुक्यातील देवगावचा राघोजी भांगरे ह्याने सावकार व इंग्रज सरकार ह्यांच्याविरुद्ध बंड केले. त्यास २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. डोंगरातील महादेव कोळ्यांस त्यामुळे दहशत बसली असेल, परंतु जी गाऱ्हाणी होती ती तशीच राहिली. पुढे नऊ वर्षांनी, सत्तावन्नच्या धामधुमीत, जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ झालेल्या चकमकीत पोलिसांचा अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. आता कोळीही उठणार, अशी भीती सरकारास वाटू लागली.

ह्या वेळी मात्र एक निराळी गोष्ट घडली. हेन्रीच्या जागी आलेला लेफ्टनंट नटॉल ह्याने कोळ्यांची एक पलटण उभारावयास घेतली. जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगराळ भागातून माणसे निवडली गेली. डिसेंबर १८५७ मध्ये शंभर असामी तयार झाले, तेही घरच्याच तलवारी आणि बंदुका घेऊन. पुढल्या दोन महिन्यांत आणखी एकशेदहांची भरती झाली, आणि अखेरीस ही संख्या सहाशेवर गेली. पलटणीच्या प्रमुखपदी बांबळे कुळीचा नाईक जावजी नाईक बांबळे ह्यास नेमले. कवायत शिकविण्यासाठी अहमदनगरच्या पोलिसांतून शिक्षक घेतले. ज्यांच्या उठावाची भीती वाटावयाची त्यांचीच पलटण उभारावयाची, ही कल्पना त्या काळच्या कित्येक साहेबांस वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही.

परंतु ती फळास आली. गडद हिरवे मुंडासे, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंतचे तांबडे धोतर आणि पायांत वहाणा, असा ह्या पलटणीचा वेष होता. तंबू नाहीत, लवाजमा नाही. ज्याचे सामान त्याच्या पाठीवर. डोंगरवाटांनी दिवसाकाठी तीस-चाळीस मैल ही मंडळी चालत, आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी बंदूक पुसून मग चुलीकडे वळत. सरकारी दप्तरात त्यांच्या शिस्तीची, धैर्याची आणि आनंदी वृत्तीची मुक्तकंठाने प्रशंसा केलेली आहे. तसेच हे सारे नटॉलच्या सहनशीलतेने, ममतेने आणि करारीपणाने साधले, असेही नमूद केले आहे.

ह्या प्रशंसेस एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. एका दरिद्री जमातीच्या तरुणांस दुसऱ्या दरिद्री जमातीच्या तरुणांवर सोडणे, हाच ह्या योजनेचा मूळ हेतू होता. भागोजी नाईक ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळ मिठसागरे येथे मारला गेला. सरकारचे काम झाले आणि मार्च १८६१ मध्ये पलटण मोडण्यात आली. थोडेसे लोक पोलिसांत गेले. बाकीचे आपापल्या नाचणी-वरईच्या शेतांत परतले. तीन वर्षे ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांच्या मुलांसाठी मागे ना शाळा राहिली ना कसली संस्था. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८७१ साली, जन्मजात गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली एकदाचा रद्द झाला. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी चोर हा शब्द लिहिणाऱ्या त्या कायद्याविषयी अधिक बोलावयास नको.

सरकारने सोडून दिलेले हे काम शंभराहून अधिक वर्षांनी त्याच जिल्ह्यात एका खेड्याने आपणहून हाती घेतले. योगायोगाची गोष्ट अशी की येथेही आरंभ लष्करी शिस्तीनेच झाला. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे गाव १९७१ च्या शिरगणतीच्या सुमारास जेमतेम बाराशे वस्तीचे. त्यांत लिहिता-वाचता येणारे पुरुष २९० आणि स्त्रिया ७२. पाऊस बेताचा, आणि पडेल तोही वाहून जावयाचा. शेती पिकेना तेव्हा लोकांनी गावठी दारूच्या भट्ट्या लावल्या. तीसहून अधिक भट्ट्या एवढ्याशा गावात पेटत असत, आणि त्यांच्या सरपणासाठी ग्रामदैवत यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा गेले. दारूमागून भांडणे, भांडणांमागून डोकी फुटणे, हा क्रम सांगावयास नको.

किसन बाबूराव हजारे, ज्यांस पुढे सारा देश अण्णा म्हणून ओळखू लागला, ते १९७५ साली लष्करातील मोटारचालकाची नोकरी संपवून गावी परतले. त्यांनी पदरच्या पैशाने देवळाचा जीर्णोद्धार आरंभिला. देऊळ उभे राहू लागले तसे लोक हातभार लावावयास येऊ लागले, आणि त्यांत पोरांचा भरणा अधिक होता. ह्याच पोरांचे तरुण मंडळ झाले. देवळात सभा भरली, दारूबंदीचा ठराव झाला, आणि बहुतेक भट्टीवाल्यांनी देवासमोर शब्द दिल्यामुळे आपण होऊन भट्ट्या विझविल्या. पुढे होळीच्या दिवशी गावातील विडी-तंबाखू गोळा करून तरुणांनी होळीत टाकली.

येथवर कथा सरळ आहे. परंतु ज्यांनी शब्द मानला नाही, त्यांच्या भट्ट्या तरुण मंडळाने फोडल्या. आणि जे पिऊन आले त्यांस देवळाच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फोडून काढले. पट्टा कित्येकदा खुद्द अण्णांच्याच हाती असे. आई मुलाला कडू औषध देते ते मायेनेच ना, असे त्यांचे समर्थन होते. गावातील अनेक बायकांस ह्या फटक्यांनी सुख लाभले, हे कबूल केले पाहिजे. ज्या घरात रोज नवऱ्याचा मार बसे, तेथे तो थांबला. तरीही मारामारीच्या वाटेवरील पोरांस त्या वाटेवरून काढावयाचे आणि त्यांच्याच हाती गावाच्या नावाने पट्टा द्यावयाचा, ह्यात एक मोठा धोका होता. पट्ट्याची सवय हाताला लवकर लागते. मुकुल शर्मा ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी राळेगणच्या ह्या हुकमी वळणावर कठोर टीका केली आहे, आणि ती सहजासहजी खोडून काढता येण्याजोगी नाही.

मग राळेगणची पोरे गुंड कशी झाली नाहीत? ह्याचे उत्तर पट्ट्यात शोधू गेल्यास सापडत नाही. ते गावच्या लग्नांत सापडते. १९७६ पासून गावाने सामुदायिक विवाहांची पद्धत घातली. कर्ज काढून लग्न करणारा शेतकरी त्यामुळे वाचला. पण तरुणांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की सगळ्या वऱ्हाडाचा स्वयंपाक आणि वाढप तरुण मंडळाने अंगावर घेतले. भांडी, मांडव, कर्णा हे साहित्य मंडळाच्या मालकीचे झाले. पंक्तीत काल ज्याला कोणी पाणी विचारले नसते, तो आज भाताचे घमेले घेऊन साऱ्या गावाला आग्रह करीत फिरू लागला! पुढे पिके बुडून दलित कुटुंबे कर्जात रुतली, तेव्हा गावाने त्यांच्या शेतांवर श्रमदान करून ते कर्ज फेडावयास हात दिला. नाले अडविणे, बांध घालणे, झाडे लावणे ही कामे तर वर्षानुवर्षे चालली, आणि बांधामागे पाणी दिसू लागल्यावर कामाचा कंटाळा कोणी केला नाही. दिवसभर कुदळ मारलेल्या पोराला रात्री भांडण उकरून काढण्याचे त्राण उरत नाही, हे खरेच. परंतु त्याहून खरे हे, की आपल्यावाचून गावाचे अडते ही जाणीव त्याला प्रथमच झाली होती.

असो. राळेगणच्या साऱ्या उद्योगांत ज्याची वाखाणणी सर्वांत कमी झाली, ते काम त्या गावच्या शाळेचे आहे. प्राथमिक शाळेची एक खोली तेथे १९३२ पासून होती. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांस पारनेरला किंवा शिरूरला जावे लागे. मुलींचे शिक्षण तर गावातच थांबे. १९७९ साली संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ ह्या नावाने संस्था नोंदवून गावाने स्वतःच माध्यमिक शाळा काढली. तिला मान्यता मिळेना म्हणून १९८० साली अण्णांनी उपोषण केले आणि मान्यता पदरात पाडून घेतली. ज्या उपोषणांनी पुढे मंत्रिमंडळे हादरली, त्यांचा श्रीगणेशा असा एका खेड्यातील शाळेसाठी झालेला आहे.

ह्या शाळेचे नवल तिच्या प्रवेशाच्या नियमात होते. इतर शाळा गुणवंत मुले वेचून घेतात आणि मग निकालाचे आकडे वर्तमानपत्रांत छापतात. राळेगणच्या शाळेने व वसतिगृहाने आधी जागा ठेवली ती नापास झालेल्या, शाळेने हाकलून दिलेल्या आणि घरच्यांनी हात टेकलेल्या मुलांसाठी. लोक तिला नापासांची शाळा म्हणू लागले, आणि शाळेने ते नाव लाजेने झाकले नाही. पहाटे उठणे, व्यायाम, श्रमदान आणि मग अभ्यास, असा तेथला दिनक्रम. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून अशी मुले तेथे येत आणि पास होऊन जात. नापास मुलगा आणि हाती काठी घेतलेला तरुण ह्यांच्यात कित्येकदा केवळ तीन-चार वर्षांचे अंतर असते. त्या मधल्या वर्षांत कोणी तरी त्याला, तू आमचा आहेस, असे म्हणावयास हवे असते. कोळी पलटणीने तरुणांस तीन वर्षे हाताशी धरले आणि सोडून दिले. राळेगणच्या शाळेत एक वर्ग बाहेर पडला की दुसरा आत येतो. देवळाच्या खांबाहून ह्या शाळेचे मोल कितीतरी अधिक आहे, असे म्हणावे लागते.

जवळच नगर तालुक्यात हिवरे बाजार म्हणून गाव आहे, त्याची हकिकत थोडक्यात सांगता येईल. हे गाव एके काळी पैलवानांसाठी प्रसिद्ध होते. तालीम हीसुद्धा पोरांस वळण लावणारी जुनी संस्थाच. पहाटेचा जोर, वस्तादाची जरब, आणि अंगातली रग जिरविण्यास तांबडी माती. १९७२ च्या दुष्काळाने ह्या गावाचा कणा मोडला. लोक पोटासाठी पुण्या-मुंबईस गेले, मागे राहिलेल्यांनी भट्ट्या लावल्या, आणि जेथे कुस्त्यांचे निकाल लागत तेथे भांडणांचे व खुनांचे लागू लागले. त्या गावी झालेली बदली शिक्षकास शिक्षेसारखी वाटे. १९८९ साली तरुणांनी आग्रह धरून पोपटराव पवार ह्या क्रिकेट खेळणाऱ्या पदवीधरास सरपंच केले. बावीस गुत्ते बंद झाले. शाळेच्या कामास अग्रक्रम मिळाला. मग पाणी, मग झाडे. येथे खांबाला बांधल्याची कथा ऐकू येत नाही, आणि काम मात्र झाले आहे. पुढे गावातील पर्जन्यमापकाची व विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवण्यात शाळकरी मुलेही सहभागी होऊ लागली, आणि त्या नोंदींवरून यंदा कोणते पीक घ्यावयाचे हे ग्रामसभेत ठरू लागले.

ह्या दोन गावांच्या कीर्तीमुळे साऱ्या जिल्ह्याचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. ह्याच जिल्ह्यात २०१३ च्या जानेवारीत सोनई येथे तीन दलित तरुणांचे खून झाले. २०१४ च्या एप्रिलात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. त्यास शाळेतून मारीत नेले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. २०१७ साली त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अशा जागी व्यायाम आणि श्रमदान अपुरे पडते. पोरांच्या मनातील जातीचा अभिमान घरातील वडीलधाऱ्यांकडूनच आलेला असतो, आणि वडीलधाऱ्यांसाठी नापासांची शाळा अद्यापि कोणी काढलेली नाही.

नगर शहरातही काम चालू आहे. १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी स्नेहालय ही संस्था काढली, ती मूळ देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी. पुढे तिने रामवाडी, संजयनगर अशा झोपडवस्त्यांत बालभवने चालविली. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परत येईपर्यंत जो वेळ मुलाचा वाऱ्यावर जातो, त्या वेळात तेथे त्याला अभ्यासाला सोबत मिळते, खेळ मिळतो, वाचावयास पुस्तक मिळते, आणि त्याचे नाव घेऊन हाक मारणारे एक मोठे माणूस मिळते. दुपार कलली की वस्तीतली मुले पाट्या-दप्तरे घेऊन तिकडे निघतात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीही त्यांत असतात.